वाचकांचे प्रश्न : शिंगवाले डायनोसॉर, बेंदूर आणि आपला खिल्लार

मागच्या अंकात मुलांच्या पानावर ट्रायसेराटॉप्स या शिंगवाल्या डायनोसॉरचं चित्र छापलं होतं, खाली जेमतेम दोन ओळी. मग बैलांचा सण बेंदूर आला, आणि पत्रं, व्हॉट्सॲप, व्हॉइस मेसेज असं सगळं मिळून इतके प्रश्न आले की या महिन्याचं सदर पूर्ण त्यालाच द्यायचं ठरवलं. मला खूप बरं वाटलं, कारण मी साताऱ्यात प्राणिशास्त्र शिकवत असले तरी माझं माहेर आटपाडीकडचं, लहानपण सगळं खिल्लार जनावरांच्या दावणीत गेलं, आणि कॉलेजात पहिल्यांदा ट्रायसेराटॉप्सच्या कवटीचा फोटो बघितला तेव्हा मला आधी मामाचा बैल आठवला होता. तेव्हापासून मला वाटत आलंय की हे जनावर समजून घ्यायला आपल्याकडच्या माणसाला फार लांब जावं लागत नाही. शिंग म्हणजे काय ते आपल्या रोज हाताखालचं आहे.

कोरेगावचे एक शेतकरी वाचक : ताई, बेंदराला बैलाची शिंगं साळत होतो तेव्हा पोरगं विचारायला लागलं, ट्रायसेराटॉप्सची शिंगं अशी साळता आली असती का? ती नुसती हाडाची होती का आपल्या बैलासारखी?

बैलासारखीच होती, आणि आत हाड पण होतं, कारण बैलाच्या शिंगातही हाडच असतं. मी सातवीत असताना मामाच्या गाडीचा एक बैल उतारावर घसरून पडला आणि त्याचं डावं शिंग निघालं. निघालं म्हणजे मुळासकट नव्हे, वरची खोळ तेवढी निघाली, बुटातून पाय निघावा तशी, आणि डोक्यावर राहिला तो गुलाबी, रक्तानं भरलेला हाडाचा गाभा. मामानं हळद दाबली, मग डॉक्टर येऊन पट्टी करून गेले, पुढं महिनाभर बैल गोठ्यातच. ती खोळ मी हातात घेऊन बघितली होती, आतनं पोकळ, कडेला पातळ आणि टोकाला भरीव, आणि जळलेल्या केसाला येतो तसा थोडा वास. आपण साळतो, हिंगूळ लावतो, बेगड चिकटवतो, शेंब्या बसवतो ती सगळी या खोळीवर. ती केराटिनची असते, आपली नखं आणि जनावराचे खूर ज्याचे असतात त्याचीच.

ट्रायसेराटॉप्सचं असंच होतं. आत हाडाचा गाभा, वर केराटिनची खोळ. गाभ्याच्या हाडावर रक्तवाहिन्यांच्या चऱ्या अजून दिसतात, बैलाच्या गाभ्यावर असतात तशाच. खोळ लाखो वर्षांत टिकत नाही, हाड तेवढं दगड होऊन राहतं, त्यामुळं म्युझियममध्ये डोळ्यावरची जी मीटरभर लांब शिंगं दिसतात तो नुसता गाभा असतो हे लक्षात ठेवा, जिवंतपणी शिंग त्याहून लांब आणि टोकदार असणार. तर पोराला सांगा, साळता आली असती, फक्त धरायला कोण गेलं असतं हा प्रश्न आहे.

आणि हे बैलाशी असलेलं साम्य भल्याभल्यांना चकवून गेलंय. १८८७ साली अमेरिकेत डेन्व्हर शहराजवळ शिंगांच्या गाभ्याची एक जोडी सापडली, ती ऑथनिएल मार्श या त्या काळच्या मोठ्या तज्ज्ञाकडं पाठवली, आणि त्यांनी काय ठरवलं, तर ही नामशेष झालेल्या गव्यासारख्या रानरेड्याची शिंगं आहेत. नाव पण बायसनचं दिलं. मग पुढच्या वर्षी वायोमिंगमध्ये मार्श यांच्यासाठी जीवाश्म शोधणाऱ्या जॉन बेल हॅचर यांना एका गुराख्याचा किस्सा कळला, त्यानं ओढ्याच्या दरडीत एवढी मोठी शिंगवाली कवटी बघितली होती आणि दोराचा फास टाकून ओढायला गेला तर शिंगच तुटून आलं. हॅचर तिथं जाऊन ती कवटी घेऊन आले, तिच्यावर चोच निघाली, नाकावर शिंग निघालं, मानेवर हाडाची झालर निघाली. १८८९ साली मार्श यांनीच ट्रायसेराटॉप्स हे नाव दिलं, म्हणजे तीन शिंगांच्या तोंडाचा. पहिली चूक मला काही लाजिरवाणी वाटत नाही, नुसता गाभा हातात दिला तर आपण पण म्हैस नाहीतर गवाच म्हणालो असतो.

खानापूर तालुक्यातून, जनावरांचे जुने व्यापारी : खरसुंडीच्या बाजारात आम्ही जबडा उघडून वय सांगतो, आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. डायनोसॉरचं वय कशावरून ओळखतात?

काका, तुमच्या प्रश्नावर मी वर्गात अख्खा तास घेतला. डायनोसॉरचे दात आयुष्यभर पडत आणि नवे येत राहायचे, त्यामुळं दातावरून तुमच्यासारखं जुळलाय का नाही, म्हणजे सगळे कायमचे दात आलेत का नाही, ते सांगता येत नाही. पण हाड कापून पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडात असतात तशी वाढीची वर्तुळं दिसतात, ती मोजतात. आणि ट्रायसेराटॉप्सच्या बाबतीत तर तोंडाकडं बघूनच बरंच सांगता येतं, तेही शिंगावरून.

लहान पिल्लू, ज्याची कवटी जेमतेम ३८ सेंटिमीटरची, त्याच्या डोळ्यावर बोटाच्या पेराएवढे नुसते कोंब. मग थोडं मोठं झालं की शिंगं वाढून मागं वळायला लागतात. आणि पुढं पूर्ण वयात येईपर्यंत तीच शिंगं दिशा बदलून पुढं झुकतात. जॅक हॉर्नर आणि मार्क गुडविन या जीवाश्म अभ्यासकांनी २००६ साली लहानापासून मोठ्यापर्यंतच्या कवट्या ओळीनं मांडून हे दाखवलं. झालरीच्या कडेला पिल्लाला त्रिकोणी टोकदार हाडं असतात, ती पण वय वाढेल तशी चपटी होऊन झालरीत मिसळून जातात. म्हणजे कळपात लांबून बघितलं तरी हे वासरू, हे गोऱ्हा, हा पूर्ण बैल असं एकमेकांना कळत असणार. खिल्लाराचं तरी काय वेगळं आहे, वासराच्या डोक्यावरचा कोंब, मग हळूहळू मागं जाऊन वर उठणारं ते लांब शिंग, तुम्ही बाजारात शिरताना दावणीकडं लांबूनच बघता तेव्हा जबडा उघडायच्या आधी निम्मं वय शिंगावरूनच काढलेलं असतं ना? जबडा तर खात्री करायला.

याच्यातनंच एक भांडण पण निघालं. टोरोसॉरस नावाचा एक प्राणी त्याच काळात त्याच भागात होता, झालर आणखी लांब आणि तिच्यात दोन मोठी भोकं. २०१० साली स्कॅनेला आणि हॉर्नर म्हणाले की हा वेगळा प्राणी नाहीच, हा म्हातारा ट्रायसेराटॉप्स आहे. बाकीच्यांनी विरोध केला, कारण टोरोसॉरसच्या काही कवट्या अजून वाढीच्या वयातल्या दिसतात, मग ते म्हातारे कसे. मला स्वतःला दोन वेगळे प्राणी हेच जास्त पटतं.

विट्याची सातवीतली मुलगी : ट्रायसेराटॉप्सच्या मानेमागं ते सुपासारखं काय असतं? ढाल का?

सुपासारखं, हा शब्द तू इतका बरोबर वापरलायस की मी आता तोच वापरणार आहे. ते सूप म्हणजे कवटीचीच मागची हाडं वाढून पसरलेली असतात, मधलं एक आणि दोन बाजूंची दोन. वेगळं काही चिकटवलेलं नाही, डोक्याचाच भाग. त्याच्यामुळं कवटी अडीच मीटरपर्यंत जायची, म्हणजे तुझ्या घरातल्या खाटेपेक्षा लांब नुसतं डोकं, जमिनीवर राहणाऱ्या प्राण्यांत एवढं मोठं डोकं फार थोड्यांचं होतं.

आता ढाल का? थोडीफार. ट्रायसेराटॉप्सचं सूप भरीव होतं, पण त्याच्या बहुतेक भावकीत सुपाला दोन मोठी भोकं होती, वर नुसतं कातडं ताणलेलं. भोक पडलेली ढाल लढाईला कोण घेऊन जाईल? आणि प्रत्येक जातीचं सूप वेगळं, स्टायरॅकोसॉरसच्या कडेला लांब भाल्यांसारखे काटे, कॉस्मोसेराटॉप्सच्या वरच्या कडेची हाडं पुढं कपाळावर केसांच्या बटांसारखी वळलेली आणि डोक्यावर सगळी मिळून १५ शिंगं. नुसत्या संरक्षणासाठी इतके प्रकार लागत नाहीत. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की सूप हे दाखवायला होतं, आपल्या जातीचा कोण, ताकदीचा कोण, जोडीदार म्हणून कोण बरा, हे सांगायला. आपण बेंदराला झूल घालतो, गोंडे बांधतो, ते माणसानं केलेलं. यांनी ते अंगावरच वाढवलेलं.

पण भांडत पण होते, बरं का. २००९ साली अँड्र्यू फार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रायसेराटॉप्सच्या आणि त्याच्याच भावकीतल्या सेंट्रोसॉरसच्या कवट्यांवरच्या जखमा मोजून तुलना केली. ट्रायसेराटॉप्सच्या सुपाच्या बाजूच्या हाडावर जखमा जास्त, अगदी जिथं समोरच्याचं डोळ्यावरचं शिंग घुसेल तिथंच. सेंट्रोसॉरसची डोळ्यावरची शिंगं बारकी, नाकावरचं एकच मोठं, त्याच्या सुपावर तशा जखमा कमी. दोन बैल एकमेकांत शिंगं अडकवून रेटतात ते तू बघितलं असशीलच, तसंच काहीतरी. दोन्ही डोकी गुंतली की सूप उपयोगी पडत असणार.

पलूसचे दूधवाले वाचक : एवढं मोठं जनावर, वैरण किती आणि कसली खात होतं? रवंथ करायचं का?

रवंथ करत होते असं सांगणारं काहीच सापडलेलं नाही, आणि माझ्या मते त्यांना गरज पण नव्हती, कारण त्यांचं तोंडच कुट्टी मशीन होतं. हे मी उगाच उपमा म्हणून म्हणत नाही. तुमच्या गोठ्यात कडबा कुट्टी आहे ना, पातं आणि पट्टी एकमेकाला घासून जातात आणि कडब्याचा तुकडा पडतो, तसे यांचे वरचे आणि खालचे दात समोरासमोर आपटत नव्हते, एकमेकांच्या बाजूनं सरकत खाली यायचे. गाय जबडा आडवा फिरवत दळते. हे दळत नव्हते, कापत होते, अडकित्त्यासारखे.

दात पण एकेक सुटा नाही. प्रत्येक जबड्याच्या प्रत्येक बाजूला ३६ ते ४० रकाने, आणि प्रत्येक रकान्यात एकाखाली एक ३ ते ५ दात रचलेले, वरचा झिजला की खालचा वर येणार. सगळे मोजले तर ४३२ पासून ८०० पर्यंत जातात, त्यातले एकावेळी कामावर थोडेच, बाकीचे रांगेत उभे. तुम्हाला पातं काढून धार लावून आणावी लागते, यांचं पातं आपोआप बदलत होतं. २०१५ साली अजून एक छान गोष्ट पुढं आली, यांचा एकेक दात पाच वेगवेगळ्या प्रकारच्या थरांचा होता, काही कठीण काही मऊ, त्यामुळं चावताना मऊ थर आधी झिजायचा आणि कठीण थराची कड उभी राहायची, म्हणजे खाता खाता धार लागायची. बहुतेक सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दातात दोनच थर असतात.

आणि समोर चोच. गाईला वरचे पुढचे दात नसतात, ती जिभेनं गवत गुंडाळून ओढते. यांच्या तोंडाच्या पुढच्या टोकाला दातच नव्हते, राघूसारखी वाकडी कडक चोच होती. वरच्या चोचीच्या आत एक खास हाड असतं, ते या घराण्याशिवाय कुठल्याच प्राण्यात नाही, मग शिंगं असोत नसोत. हे मुद्दाम सांगते, कारण या घराण्यातले सगळ्यात जुने सदस्य शिंगवाले नव्हतेच. चीनमधला यिनलाँग, साधारण १६ कोटी वर्षांपूर्वीचा, दोन पायांवर चालणारा, माणसाच्या कमरेइतका पण उंच नाही, ना शिंग ना मोठं सूप, पण ते चोचीचं हाड आहे. म्हणजे आधी चोच आली, शिंगं फार नंतर.

वैरण म्हणाल तर डोकं जमिनीजवळ, त्यामुळं खालचं खाणं, नेचे, सायकड म्हणजे ताडासारखी दिसणारी झाडं, छोटे ताड, झुडपं. किती किलो ते मी सांगणार नाही, पण अंगानं ५ ते ९ टन म्हणजे हत्तीच्या बरोबरीचं किंवा त्याहून जड जनावर, अंदाज तुम्हीच माझ्यापेक्षा चांगला कराल. गवताचं मात्र एक सांगायलाच पाहिजे. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं असंच सगळे समजून होते, आणि ते खोटं ठरलं ते आपल्या महाराष्ट्रात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या वाळून दगड झालेल्या शेणात गवताचे वाळूच्या कणासारखे सूक्ष्म अवशेष सापडले, २००५ साली ते प्रसिद्ध झालं. ते शेण लांब मानेच्या डायनोसॉरांचं मानलं जातं, शिंगवाल्यांचं नाही, पण दगड झालेल्या शेणातून जगाची समजूत बदलली ही गोष्ट तुमच्यासारख्या शेणाची किंमत कळणाऱ्या माणसाला सांगताना मला फार आनंद होतोय.

कवठेमहांकाळहून : विहीर खणताना गोल गोल दगड निघाले, वरून कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. गावात सगळे म्हणतायत डायनोसॉरची अंडी. फोटो पाठवलाय.

फोटो नीट बघितला. अंडी नाहीत. आपल्या काळ्या दगडाला आधी उभ्याआडव्या चिरा पडतात, त्यातून पाणी मुरतं, ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात, आणि आत गोल गाभा राहतो, त्याचे पापुद्रे सुटतात. साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात डोंगर कापलाय तिथं थांबून बघा, असे गोळे भिंतीत बसलेले दिसतील. मुरूम म्हणून आपण जे रस्त्यावर टाकतो तो याच कुजण्यातून आलेला.

शिवाय शिंगवाल्यांच्या घराण्यातल्या अंड्यांबद्दल २०२० साली कळलेली गोष्ट अशी की मंगोलियातल्या प्रोटोसेराटॉप्स या त्यांच्या लहान बिनशिंगी नातलगाची अंडी मऊ कवचाची होती, सापाच्या अंड्यासारखी चामड्यागत. म्हणून ती इतकी वर्षं सापडतच नव्हती. १९२३ साली गोबी वाळवंटात टणक अंडी सापडली तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं की ही प्रोटोसेराटॉप्सचीच, कारण तिथं त्याचीच हाडं सगळीकडं पडलेली, आणि अंड्यांवर सापडलेल्या दुसऱ्या एका डायनोसॉरला चोर ठरवून त्याचं नावच अंडीचोर ठेवलं, ओव्हीरॅप्टर. पुढं १९९३ मध्ये तशाच अंड्यात पिल्लू मिळालं ते त्या चोराच्याच घराण्यातलं. बिचारं स्वतःची अंडी उबवत होतं. नाव मात्र बदलता येत नाही.

अंड्यात पिल्लू किती दिवस असायचं हे पण काढलंय, गर्भातल्या पिल्लाच्या दातावर रोजची एक बारीक रेघ उमटते ती मोजून. प्रोटोसेराटॉप्सचे निघाले जवळपास ८३ दिवस. कोंबडीचे २१.

फलटणचे शिक्षक : मग आपल्या भागात शिंगवाला डायनोसॉर सापडेल का? मुलं फार विचारतात.

नाही, सर. आणि हे नाही मुलांना नीट समजावून सांगितलं तर होपेक्षा भारी आहे.

मोठे शिंगवाले डायनोसॉर जवळजवळ सगळे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातले, चीनमध्ये सिनोसेराटॉप्स आहे, आणि त्यांचे लहान बिनशिंगी नातलग चीन मंगोलियात. त्या काळात भारत आशियाला जोडलेलाच नव्हता, समुद्रात सुटा होऊन उत्तरेकडं सरकत होता, तिकडून इकडं यायला वाट नव्हती. भारतातून या घराण्याचं एक पण हाड निघालेलं नाही. आपल्याकडं होते ते दुसरे, चंद्रपूरच्या डोंगरगावचा लांब मानेचा इसीसॉरस, गुजरातमधला राजासॉरस. राजासॉरसच्या डोक्यावर एक बुटकं शिंग होतं खरं, पण तो मांस खाणारा.

आणि सातारा सांगलीत तर कुठल्याच डायनोसॉरचं हाड मिळण्याची आशा धरू नका, कारण आपण उभे आहोत तो सगळा थिजलेला लाव्हा आहे. अजिंक्यतारा, सज्जनगड, यवतेश्वर, सगळा. पण तो लाव्हा कधीचा? ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासचा. आणि ट्रायसेराटॉप्स कधीचा? ६ कोटी ८० लाख ते ६ कोटी ६० लाख. म्हणजे तिकडं शेवटचे ट्रायसेराटॉप्स चरत होते त्याच सुमाराला इकडं जमिनीला भेगा पडून हे थर एकावर एक पसरत होते. मुलांना किल्ल्यावर न्या, काळ्या दगडावर हात ठेवायला सांगा, आणि हे सांगा. मी दरवर्षी नेते. घाटात दोन काळ्या थरांच्या मध्ये लालसर पट्टा दिसला तर तो पण दाखवा, लाव्हा थांबल्यावर तयार झालेली माती आहे ती, पुढच्या लाव्ह्यानं भाजलेली.

मिरजेची मेडिकलची विद्यार्थिनी : या प्राण्यांना आजार व्हायचे का? आणि कळपानं राहायचे हे कशावरून?

तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच प्राण्यात आहे, सेंट्रोसॉरस. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात याच्या हाडांचे थरच्या थर आहेत, हिल्डा नावाच्या जागेजवळच्या एका थरात हजारो जनावरं असावीत असा अंदाज आहे. लहान, मोठे, मधले, सगळ्या वयाचे एकत्र. साधारण ७ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तिथं समुद्राजवळचा सखल प्रदेश होता, वादळाचं पाणी चढलं, पळायला उंचवटा नाही, कळप बुडाला. पाणी ओसरल्यावर मांसभक्षकांनी खाल्लं, त्यांच्या दातांच्या खुणा आणि तुटलेले दात तिथंच मिळतात.

मला हे वाचताना २०१९ चा ऑगस्ट आठवतो. आत्या भिलवडीकडची. पाणी अंगणात आलं तेव्हा आत्यानं विळ्यानं सगळी दावी कापली, जा म्हणाली, पोहून जा. चारातल्या दोन म्हशी परत आल्या. बाकीच्या दोन आठवड्याभरानं पाणी उतरल्यावर उसाच्या फडात सापडल्या, एकमेकींना लागूनच, त्यांच्याबरोबर कुणाकुणाची आणखी जनावरं. नदीनं सगळ्यांना वाहून नेऊन एकाच वळणावर ठेवलं होतं. अल्बर्टातला हाडांचा नकाशा बघितला की मला तो फड दिसतो, आणि तिथं काम करणाऱ्यांनी पूर हे कारण कसं ओळखलं ते समजावून सांगावं लागत नाही.

आता आजार. अशाच एका थरात १९८९ साली सेंट्रोसॉरसच्या पायाचं एक वेडंवाकडं फुगलेलं हाड मिळालं, पोटरीतलं बारकं हाड, तुमच्या भाषेत फिब्युला. मोडून जुळलंय असं समजून ठेवून दिलं. नंतर कॅन्सरच्या डॉक्टरांनी आणि जीवाश्म अभ्यासकांनी मिळून स्कॅन केलं, पातळ काप काढले, माणसाच्या हाडाशी ताडून बघितलं, आणि २०२० साली सांगितलं की हा ऑस्टिओसार्कोमा, पुढं गेलेला, हाडाचा कॅन्सर. एवढं दुखणं घेऊन ते जनावर लंगडत चाललं असणार, आणि तरी ते दुखण्यानं किंवा शिकाऱ्यानं एकटं मेलं नाही, कळपाबरोबर पुरात गेलं असं दिसतंय. लंगड्या जनावराला कळपानं मधे ठेवलं असेल का, हे हाडात दिसत नाही. मला वाटतं असेल.

ट्रायसेराटॉप्स मात्र बहुतेक वेळा एकेकटाच सापडतो, तीन किंवा पाच एकत्र मिळाल्याच्या थोड्या जागा आहेत तेवढ्याच. सगळेच शिंगवाले कळपानं राहायचे असं सरसकट म्हणू नकोस.

वाईचा पाचवीतला मुलगा : टी-रेक्स आणि ट्रायसेराटॉप्स, कोण जिंकायचं?

कधी हा, कधी तो. एका ट्रायसेराटॉप्सचं शिंग टी-रेक्सनं चावून मोडलेलं सापडलंय, आणि त्या मोडक्या जागेवर नंतर हाड भरून आलेलं आहे. हाड भरून यायला जिवंत राहावं लागतं. म्हणजे त्या दिवशी हा वाचला. दुसऱ्या एकाच्या कमरेच्या हाडावर दातांचे कितीतरी व्रण आहेत आणि एक पण भरलेला नाही. तो खाल्ला गेला.

साताऱ्यातलं एक गणेश मंडळ : यंदा देखाव्यात ट्रायसेराटॉप्स करतोय, खऱ्या मापाचा. काय काय चुकू शकतं ते आधीच सांगा.

फार बरं केलंत विचारलंत, थर्माकोल टाळून कामट्या आणि पुठ्ठा कागदाचा लगदा वापरताय हे वाचून तर जास्तच. लांबी ८ ते ९ मीटर धरा, कमरेशी उंची ३ मीटरच्या आत, मंडपाचं छत बघून घ्या. डोकं शरीराच्या मानानं मोठंच्या मोठं, चुकून लहान केलंत तर म्हैस दिसेल. शेपूट जमिनीला टेकवू नका, ती हवेत आडवी असते. मागचे पाय खांबासारखे सरळ, पुढचे त्याहून बुटके आणि कोपर किंचित बाहेर, अगदी पालीसारखा फताडा नको आणि हत्तीसारखा ताठ पण नको. पुढच्या पायाला पाच बोटं, त्यातल्या आतल्या तिघांनाच खुरासारखी नखं, बाहेरची दोन बारकी. मागच्याला चार.

मान सांध्यातून सगळीकडं वळायची, कवटीच्या मागं हाडाचा गोल गोळा असतो आणि तो मानेच्या खोबणीत बसतो, त्यामुळं डोकं थोडं तिरकं करून बसवलंत तर चालेल, छान दिसेल. मानेचे पहिले मणके एकमेकांत जुळून एक झालेले असतात, एवढा भार तोलायला, म्हणून मान लांब काढू नका, जाड आणि आखूड.

कान लावू नका. हे सगळे चुकतात, शिंग काढलं की हात आपोआप गाईचा कान करायला जातो. यांना बाहेर कान नव्हतेच, डोळ्याच्या मागं नुसतं भोक. अंगावर केस नकोत, खवले करा, पाठीवर मोठे, मधे मधे त्याहून मोठे. नाकपुड्या मोठ्या खोल ठेवा. आणि डोळा कुठं काढायचा ते मूर्तिकाराला खास सांगा, गालाच्या मधोमध नाही, डोळ्यावरच्या शिंगाच्या बुडाशीच, अगदी खाली लागून. शिंगं आधी बसवा आणि मग डोळ्याची जागा धरा.